बाकावरचा कवळी

कवळीला बोलता येत नव्हतं. जीभच नव्हती म्हटलं तरी चालेल. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ती बहुतेक सगळी काढून टाकली होती. हे आम्हाला माहीत नव्हतं. आणि तो बोलत नाही म्हणून मी त्याला खेळातून काढलं. हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत राखून ठेवायचं आणि मग वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं, असला धंदा मला जमत नाही.

मला तिथे मुकादम म्हणतात. तिथे म्हणजे फोनवरच्या खेळात. बाहेरही माझं काम तेच. पार्सलांच्या गोदामात सकाळची पाळी मी सांभाळते. एकोणीस माणसं, चार सरकते पट्टे, आणि कुणी पाच मिनिटं उशिरा आलं की माझ्या कपाळावर आठी. घरी मी एकटी. संध्याकाळी सातला बूट काढायचे, चहाचा कप घ्यायचा, फोन उघडायचा. सहा वर्षं हा नेम चालू आहे.

खेळाचं नाव ‘चोर कोण’. नऊ माणसं लागतात. फोन एकाला गुपचूप सांगतो, तू चोर. बाकीचे साव. मग दोन मिनिटं गप्पा, उलटतपासण्या, शपथा आणि कांगावे, आणि मग सगळ्यांनी मतं द्यायची. ज्याला जास्त मतं तो बाहेर. असं करत करत दोघं उरतात, त्यांचं शेवटचं मत पडतं आणि डाव संपतो. बाहेर गेलेला चोर होता की साव हे तोपर्यंत कळत नाही. कळलं की ठरलेली आरोळी: “चोर सोडून संन्याशाला फाशी!” दिवसातून चार वेळा तरी आम्ही ती ठोकायचो आणि दर वेळी नव्याने हसायचो.

बाहेर गेलेल्यांसाठी एक वेगळी खोली असते, तिला आम्ही बाक म्हणतो. बाकावर बसलेले आपापसात गप्पा मारू शकतात, पण आत खेळणाऱ्यांना त्यातलं अक्षरही दिसत नाही. आणि डाव संपला की बाकावरचं सगळं पुसलं जातं. ज्याने हा खेळ बनवला त्याच्या डोक्यात काय होतं कोण जाणे. आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. गप्पा काय, उद्या पुन्हा होतीलच.

कवळी हा आमच्यातला सगळ्यात रद्दी खेळाडू. चोर झाला तर पहिल्या मिनिटाला लिहायचा, “मला काही विचारू नका, मला खोटं सुचत नाही.” साव असला तर दुसऱ्याची बाजू घ्यायचा, आणि या खेळात जो दुसऱ्याची बाजू घेतो त्याच्यावर संशय आलाच. त्यामुळे पहिल्या फेरीत कवळी बाहेर, हे ठरलेलं. पुढे पुढे तर आम्ही विचारही करत नसू. पहिलं मत कवळीला, मग खरा खेळ सुरू.

आता, बाहेर पडणं म्हणजे खेळातलंच असलं तरी मनाला लागतं. आठ माणसांनी मिळून तुम्हाला नको म्हटलेलं असतं. त्यात ज्या दिवशी कामावर साहेबाने झापलंय, घरी वाद झालाय, त्या दिवशी ते फारच लागतं. तर तसं तोंड करून बाकावर यावं आणि तिथे आधीच बसलेल्या कवळीचं वाक्य समोर यावं: “आलात? या, बसा.” सगळ्यांना अहो-जाहो. आमच्यात वीस वर्षांची पोरंही होती, त्यांनाही “या, बसा.” मग विचारायचा, “आज दिवस कसा गेला?” आणि माणसं सांगायची. आत चोर पकडायचं चाललेलं असायचं आणि बाहेर बाकावर कुणाच्या सासूचं, कुणाच्या बढतीचं, कुणाच्या गुडघ्याचं. कितीतरी जण मुद्दाम लवकर बाहेर पडायला लागले होते. मी त्यांना दम द्यायचे, “खेळायला येता की चकाट्या पिटायला?” आणि मीही एखाद्या दिवशी हळूच हरायचे.

कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा, म्हणून नाव कवळी. दातांचे डॉक्टर माणसाच्या हिरड्यांचा ठसा घेऊन त्याच्याकडे पाठवायचे. तो प्लास्टरचा जबडा ओतून, मेणात एकेक दात बसवून, घासूनपुसून कवळी तयार करून द्यायचा. “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,” त्याने एकदा लिहिलं होतं, “माझं तीस वर्षं भरलं.” आमच्यातला वकील त्याला सारखा छेडायचा. हा वकील प्रत्यक्षात चपला-बुटांच्या दुकानात काम करतो, पण वादात कुणाला हार जात नाही म्हणून वकील. तो म्हणायचा, “कवळी, तुमचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.” कवळी लिहायचा, “दोन्ही मीच बनवतो. माप सांगा.”

एक गोष्ट तो नेहमी सांगायचा. एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी करायची होती. त्यांना पुढच्या दोन दातांत पूर्वी फट होती. कवळीत दात कसे सरळ, मोत्यासारखे बसवता येतात. पण गृहस्थ हटून बसले, फट ठेवा. डॉक्टर वैतागले, सून वैतागली. गृहस्थ म्हणाले, बायकोला आता माणसं ओळखू येत नाहीत, पण मी हसलो की ती फटीकडे बघते. तर कवळीने ती फट ठेवली. “आयुष्यात एवढी चांगली वाईट कवळी मी दुसरी केली नाही,” असं तो लिहायचा.

मग मागच्या थंडीत खेळात माइक आला. आता लिहायचं नाही, बोलायचं. पहिल्या संध्याकाळी काय धमाल आली! बारकी म्हणजे आमची बसच्या आगारात चाकं बदलणारी, पावणेसहा फूट उंच बाई. तिचा आवाज लहान मुलीसारखा. मामा, निवृत्त झालेले, एका बोटाने अक्षरं शोधत लिहिणारे, ते तर असे बोलत सुटले की थांबेनात. तीन वर्षांचं साठलेलं बोलून घेतलं त्यांनी. कवळीने लिहिलं, “मामांना मी ढोल समजत होतो, निघाली पिपाणी. तुम्ही सगळे बोला हो. मला ऐकायला मजा येतेय.”

तो मात्र लिहीतच राहिला. मी विचारलं, “कवळी, तुमचा माइक बिघडलाय का?”

“माइक ठणठणीत आहे,” त्याने लिहिलं. “आमचं तोंड दुरुस्तीला गेलंय.”

सगळे हसले. मीही हसले. दातवाल्याचा विनोद, दुसरं काय.

दहा-बारा दिवस गेले. बोलण्याच्या गलक्यात त्याचं लिहिलेलं कुणी वाचेना. आणि मग वकिलाने मुद्दा काढला. “आमचे आवाज हा ऐकतो, कोण अडखळतंय ते पकडतो, आणि स्वतः पडद्याआड. हा कुठला न्याय? कशावरून याच्याकडे दोन फोन नाहीत? कशावरून हा दोन नावांनी खेळत नाही?” तसं काहीही नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दोन नावांनी खेळणारा माणूस रोज पहिल्या फेरीत बाहेर पडत नाही. पण या खेळात सहा वर्षं काढली की गप्प बसणारा तो चोर, हे डोक्यात पक्कं बसतं. आत आम्ही एकमेकांना तसंच पकडतो. तीच मोजपट्टी मी बाहेर लावली. आणि नियम म्हटला की माझ्या अंगात येतं. मी जाहीर केलं, “सोमवारपासून जो बोलेल तो खेळेल.”

रविवारी कवळीने मला वेगळ्या खिडकीत लिहिलं. खोली सांभाळणाऱ्याला कुणीही तसं एकट्याला लिहू शकतं. काय लिहिलं आणि मी काय उत्तर दिलं ते पुढे येईल. उत्तर दिल्यावर मी त्याचं नाव दाबलं आणि ‘काढा’ हे बटण दाबलं. माणूस काढला की त्याची खिडकीही जाते. तीही गेली.

त्यानंतर बाकावर पहिल्यांदा जाणाऱ्याला एकट्याने बसावं लागे. कुणी काही बोललं नाही. पण पहिल्या फेरीत बाहेर जायला लोक इतके तयार नसत, मतांवरून खरीखुरी भांडणं व्हायला लागली. एकदा बारकी म्हणाली, “काकांची सवय झाली होती.” मी म्हटलं, “फुगलाय तो. येईल चार दिवसांनी.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळला नव्हता अजून.

सात आठवड्यांनी एका संध्याकाळी पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली: ‘कवळी दाराशी थांबला आहे.’ कुणाला आत यायचं असलं की तसं दिसतं आणि मी दार उघडायचं असतं. मला आतून बरं वाटलं, हे कबूल करते. पण मनात म्हटलं, आला शेवटी नाक घासत, तर जरा थांबू दे. चालू डाव पूर्ण होऊ दिला. अकरा मिनिटं. मग दार उघडलं.

“मी त्यांची मुलगी,” असं आलं. “बाबा बावीस तारखेला गेले. त्यांच्या फोनमध्ये हा खेळ आहे. तुम्ही लोक कोण आहात?”

मी माझा माइक बंद केला. मग तिने लिहिलं, जीभ काढल्यापासून बाबा घरात पाटीवर लिहायचे, पण फोन घेऊन बसले की खांदे हलेपर्यंत हसायचे, ते कशाला एवढं, हे तिला जाणून घ्यायचं आहे. ‘जीभ काढल्यापासून’ हे तिने असं लिहिलं होतं, जसं ते आम्हाला ठाऊकच असणार.

शनिवारी मी तिच्याकडे गेले. दोन बस बदलून. तिनेच बोलावलं होतं, कुणीतरी या म्हणाली होती, आणि मुकादम मी. खालच्या मजल्यावर किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, बाजूने लाकडी जिना, वर कवळीची खोली. खिडकीपाशी लांबलचक टेबल, त्याच्या कडा हाताने झिजून गोल झालेल्या. स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, दात घासायचं छोटं यंत्र. कप्प्यांत दातांच्या पट्ट्या: पांढरे, पिवळट, त्याहून पिवळट, प्रत्येक छटेला नंबर. भिंतभर फळ्या आणि त्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेलं: ‘मास्तरीणबाई’, ‘जिन्याखालचे आजोबा’, ‘घाईचं’. सगळ्यावर बारीक पांढरी धूळ. मुलगी ते जबडे कागदात गुंडाळून खोक्यांत भरत होती, ज्या त्या डॉक्टरांकडे परत पाठवायला. पस्तिशीची असेल. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करते. बोलताना सारखा हात तोंडापुढे न्यायची. पुढचे दोन दात मोठे, थोडे बाहेर आलेले.

“बसा,” ती म्हणाली आणि वडिलांची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी उभीच राहिले.

टेबलावर शाळेतल्या मुलांची असते तेवढी पांढरी पाटी होती, मार्कर आणि फडकं दोरीने बांधलेलं.

“यावर लिहायचे,” ती म्हणाली. “‘मीठ.’ ‘दार लाव.’ ‘उशीर होईल.’ लिहायचे आणि लगेच पुसायचे. मी म्हणायचे, बाबा, अहो जरा मोठं लिहा, मला काय घाई आहे? तर लिहायचे, ‘समोरचं माणूस ताटकळतं.’ पूर्वी किती बोलायचे माहीत आहे? आई म्हणायची, यांच्या जिभेला विसावा नाही. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर माझ्याशी दोघांचं मिळून एकटे बोलायचे. आणि मग एकदम बंद. तीन वर्षं मी आपली मीठ आणि दार.”

मी पाटीचं फडकं सरळ केलं.

“तुमच्याकडे बोलायचे ना ते? लिहूनच, पण बोलायचे ना?”

“खूप,” मी म्हटलं.

“मला वाटलं फोनमध्ये सगळं असेल. उघडून बघितलं, काही नाही. कोरं.”

मी तिला सांगितलं की डाव संपला की बाक पुसला जातो. ती पाटीकडे बघत राहिली. “म्हणजे तिथेही असंच,” म्हणाली.

मग तिने हातातला जबडा गुंडाळता गुंडाळता सांगितलं, सहज, मला दुखवायला नाही. “शेवटचा महिना-दीड महिना मात्र ते लिहीत नव्हते. सातला फोन उघडून बसायचे, नुसते. बाहेरून नावं दिसतात ना, कोण कोण आत आहे ती? ती बघायचे. मी विचारलं, काय बघताय? पाटीवर लिहिलं, ‘हजेरी.’ नंतर दवाखान्यातही. परत तोंडातच सुरू झालं होतं, यावेळी घशापर्यंत. नळ्या होत्या, तरी सातला हात करायचे, फोन दे. का लिहीत नव्हते हो? बोटं तर चालत होती.”

हीच वेळ होती. खेळात चोर झाले तर मी आठ माणसांच्या तोंडावर खोटं बोलते आणि डोळ्याची पापणी हलवत नाही. इथे मला खोटं बोलायचंही नव्हतं, फक्त खरं सांगायचं होतं. माझी दातखीळ बसली. “मला माहीत नाही,” मी म्हटलं. आणि वर, जणू काही भरपाई म्हणून, म्हटलं, “त्यांचं बोलणं आम्ही तुला देऊ. आम्हाला आठवेल तेवढं.”

रविवारी दुपारी चारला आम्ही जुने आठजण जमलो, कवळीच्या जागी घेतलेल्याला त्या दिवशी सुट्टी दिली. माइक बंद. कवळीच्या नावाने ती आत आली, नववी. ठरलं असं की ती बाकावर बसेल, एकेक जण बाहेर पडून कवळीचं आठवेल ते बोलणं तिथे लिहील, आणि ती वहीत उतरवून घेईल. बाकावरच का? कारण त्याचं सगळं बोलणं बाकावरचं होतं, दुसरीकडे कुठे लिहायचं ते आम्हाला सुचलंच नाही. पण डाव संपला की बाक पुसला जातो, म्हणून डाव संपू द्यायचा नव्हता. दोन मिनिटं सरत आली की ‘अजून वेळ’ हे बटण आत असलेल्या सगळ्यांनी दाबायचं. एकाचंही राहिलं की मतदान. मामा म्हणाले, “मला भराभर लिहिता येत नाही. तुम्ही जा, मी दार धरतो.” वकील म्हणाला, “मीही आत थांबतो.” का थांबतोय ते त्याला कुणी विचारलं नाही. तिसरी मी. तासन्‌तास बटण दाबणं काही खरं नाही, म्हणून सहापर्यंतची मुदत ठरवली.

पहिली फेरी. आठ मतं कवळीला. इतक्या वर्षांची सवय, पण त्या दिवशी बटण दाबण्याआधी मी ते नाव पुन्हा वाचलं. तिच्यामागोमाग पाच जण एकेक करून बाहेर गेले.

आणि मग आत आम्ही तिघं. समोर रिकामा पडदा, दर दोन मिनिटांनी बटण. बाकावर काय चाललंय ते आम्हाला दिसत नव्हतं. वकिलाने एकदा लिहिलं, “काय लिहीत असतील?” मामांनी बऱ्याच वेळाने लिहिलं, “फटीचं नक्की.” पुन्हा बटण. साडेचार. पाच. वकिलाने लिहिलं, “मुकादमबाई, मुद्दा मी काढला होता.” मी लिहिलं, “बटण मी दाबलं होतं.” पुन्हा बटण.

आत बसून राहणं किती सोयीचं होतं ते माझ्या हळूहळू लक्षात आलं. मी दार धरून होते, म्हणजे उपयोगी होते, आणि तिच्यासमोर जावं लागत नव्हतं. मुकादमाची जागा ती. पाच चाळीसला मी लिहिलं, “मला बाहेर काढा. तुम्ही दोघं सहापर्यंत धरा.”

“नक्की?” वकिलाने विचारलं.

“काढ रे.”

दोन मतं पडली. मी बाकावर गेले. पडद्यावर कवळी हे नाव आणि त्यापुढे:

“आलात? या, बसा.”

लिहिलं तिने होतं, हे मला कळत होतं. गेल्या दीड तासात इतरांकडून शिकली होती. तरी मी खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मोठ्याने रडले, एकटी राहते त्यामुळे हरकत नव्हती.

मग वर सरकवत वाचलं. फटीची गोष्ट चौघांनी चार तऱ्हेने सांगितली होती. पिपाणी होती. दात कोरून पोट भरल्याचं होतं. कुणाला घटस्फोटाच्या दिवशी तो म्हणाला होता, “आज दुसरं काही करू नका, फक्त अंघोळ करा.” कुणाला परीक्षेत नापास झाल्यावर: “हसतील त्यांचे दात दिसतील, मला गिऱ्हाईक मिळेल.” आणि बारकीने लिहिलेलं होतं: “काका एकदा म्हणाले, आमच्या मुलीचे पुढचे दात पुढे आहेत. हा धंदा माझा, लहानपणीच सरळ करून घेतले असते. नाही घेतले. ते तिच्या आईचे आहेत. ती चिडते माझ्यावर, पण ती हसली की मला दोघी दिसतात.”

त्याच्याखाली मुलीचं काही नव्हतं. बऱ्याच ओळींनंतर, दुसऱ्याच कुणाच्या आठवणीखाली तिने लिहिलं होतं, “थांबा, मागचं लिहायचं राहिलंय.”

पाच पंचावन्न झाले.

मी लिहिलं, “शनिवारी तू विचारलंस, ते का लिहीत नव्हते. मी त्यांना काढलं होतं. बोलणार नाही तो खेळणार नाही, असा नियम मी केला. त्यांना बोलता येत नाही हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.”

बाकावर माझ्याशिवाय सहाजण होते.  घड्याळात छप्पन्न झाले, सत्तावन्न झाले.

मग तिचं आलं. “ते तुम्हाला काही म्हणाले होते का? शेवटी?”

“हो.”

“मग ते सांगा. तुमचं राहिलंय. मी लिहून घेते.”

मला वाटलं होतं ती शिव्या देईल, किंवा असू दे म्हणेल. दोन्हींची तयारी मी केली होती. याची नव्हती. पण ते बोलणं माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हतं, आणि ते तिचं होतं. मी लिहिलं:

“ते म्हणाले, मुकादमबाई, मी खेळत नाही. तसाही पहिल्या फेरीत बाहेरच असतो. बाकावर तरी बसू द्या. तिथे लिहिलेलं चालतं ना?”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, बाक खेळणाऱ्यांसाठी आहे. बोलायचं नसेल तर इथे काय काम?”

“मग?”

“ते म्हणाले, बरं.”

 ती वहीत लिहीत असणार. त्या जिन्यावरच्या खोलीत, त्या झिजलेल्या टेबलाशी, की घरी, मला माहीत नाही.

“‘काय काम’ असंच लिहिलं होतं तुम्ही?” तिने विचारलं. “की ‘काय काम आहे’?”

“काय काम,” मी लिहिलं.

“बरं,” तिचं आलं.

सहा वाजले. आत वकिलाने आणि मामांनी मत दिलं आणि बाक कोरा झाला. चोर कोण होता ते पडद्यावर आलं असणार. मी बघितलं नाही.